कृतज्ञतेची भेट : प्रत्युपकार की प्रसाद?

महाराष्ट्रातील गृहिणींमध्ये एक जुनी रीत आहे. शेजारच्या घरून वाटीतून भाजी आली किंवा डब्यातून पुरणपोळी आली, तर ते भांडे धुऊन-पुसून परत करताना रिकामे पाठवावयाचे नाही. घरात दुसरे काही नसले तर चिमूटभर साखर तरी त्यात घालावयाची. ही साखर पुरणपोळीची किंमत नव्हे, हे पाठविणारीस ठाऊक असते आणि घेणारीसही ठाऊक असते. मग ती साखर कशासाठी? किंमत नसेल तर ती निरर्थक म्हणावी, आणि अर्थ असेल तर ती देवघेव म्हणावी, असा पेच कोणी घातला तर बहुतेक गृहिणी हसून म्हणतील की, रिकामे भांडे पाठवू नये एवढेच आम्हांस कळते. त्यांचे हे कळणे शास्त्राच्या कसोटीस उतरते की नाही, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा विचार आहे. आणि त्यासाठी उदाहरण घ्यावयाचे आहे ते स्वयंपाकघरातले नव्हे, तर शाळेतले.

बंगळूरसारख्या शहरात पालकांनी स्वेच्छेने शाळेच्या कामास हातभार लावण्याची पद्धत आता अनेक ठिकाणी रुळली आहे. कोणी माता आठवड्यातून एकदा येऊन वाचनाच्या तासाला मुलांपाशी बसते. कोणी पिता ग्रंथालयातील फाटक्या पुस्तकांना वेष्टने घालून देतो. लालबागेत किंवा विश्वेश्वरय्या संग्रहालयात सहल जावयाची असली म्हणजे मुलांची मोजदाद ठेवण्यास दोघे-तिघे पालक बरोबर येतात. स्नेहसंमेलनाच्या आदल्या रात्री कागदी मुकुट चिकटवीत बसणारेही बहुधा तेच असतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शासकीय व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालकवर्गातील असावेत असे ठरविले आहे. परंतु समितीवर बसणे हे नेमलेले काम झाले. येथे विचार आहे तो कोणीही न नेमता, केवळ मनाच्या ओढीने आलेल्या पालकांचा.

मार्च-एप्रिल येतो, वर्ष सरत येते, आणि वर्गशिक्षिकेच्या मनात येते की, या मंडळींना काहीतरी द्यावे. तिचे वेतन बेताचे. ती अतिथी शिक्षिका म्हणून मानधनावर काम करणारी असली तर बेताचेही नव्हे. दहाबारा पालकांना प्रत्येकी वीस-पंचवीस रुपयांच्या पलीकडे तिची धाव जाऊ शकत नाही. ती सहशिक्षकांस विचारते, आणि तिला तीन प्रकारची उत्तरे मिळतात. एकजण म्हणतो, ते आपल्याच मुलांसाठी आले होते. त्यांचे आभार आपण का मानावेत? दुसरा म्हणतो, त्यांनी निष्काम सेवा केली आहे. तिच्यावर भेटवस्तू ठेवणे म्हणजे सेवेला मजुरीचे रूप देणे होय. तिसरा अधिक व्यवहारी. तो म्हणतो, द्यावयाचे तर चांगले द्यावे, पंचवीस रुपयांची वस्तू देऊन आपले हसे करून घेऊ नये. या तिघांच्याही बोलण्यात थोडेथोडे तथ्य आहे, म्हणूनच प्रश्न अवघड झाला आहे.

दानाचा प्रश्न निघाला की गीतेच्या सतराव्या अध्यायाकडे वळावे लागते. भगवंतांनी तेथे दानाचे तीन प्रकार केले आहेत. दिले पाहिजे एवढ्याच बुद्धीने, योग्य स्थळी, योग्य वेळी, योग्य व्यक्तीस, आणि विशेष म्हणजे आपल्यावर उपकार न करणाऱ्यास जे दिले जाते ते सात्त्विक. परतफेडीच्या आशेने, फळावर दृष्टी ठेवून किंवा कष्टी मनाने दिले जाते ते राजस. भलत्या ठिकाणी, भलत्या वेळी, अनादराने वा तिरस्काराने दिले जाते ते तामस. राजस दानाचा भाग उलगडताना ज्ञानदेवांनी जे दाखले दिले आहेत ते तर थेट गृहस्थाच्या अंगणातले आहेत. दुभत्यावर डोळा ठेवून गाईला चारा घालावा, आहेरावर नजर ठेवून सोयऱ्यास आमंत्रण करावे, व्रत करणाऱ्या बाईच्या घरी वाण धाडावे, अशा आशयाचे ते दाखले आहेत. सातशे वर्षांपूर्वीच्या माणसाचे वाण आणि आहेर यांविषयीचे निरीक्षण इतके नेमके असावे, यात आश्चर्य नाही. वाण आणि आहेर अजून तेच आहेत.

आता शिक्षिकेच्या भेटीला ही कसोटी लावून पाहू. ती देणार कोणाला? ज्यांनी तिच्यावर उपकार केला त्यांनाच. म्हणजे ‘अनुपकारी’ हे लक्षण येथे मुळीच लागू पडत नाही. तेव्हा तिची भेट सात्त्विक दान ठरत नाही, हे उघड आहे. आणि सात्त्विक नव्हे म्हणून ती राजस मानावी, तर तिला या पालकांकडून पुढे काही मिळावयाचे आहे असेही नाही; मुले पुढच्या वर्गात जाणार, तिच्या वर्गात नवी मुले, नवे पालक येणार. मग ही भेट कोणत्या खणात ठेवावी?

आमच्या मते घोटाळा होतो तो येथेच. या प्रसंगात दान आहे, पण ते शिक्षिकेचे नव्हे. ते पालकांनी आधीच केलेले आहे. पहिल्या सहशिक्षकाचे म्हणणे असे होते की, पालक आपल्याच मुलासाठी येतात. वाचनाच्या तासाला जरा जवळून पाहावे म्हणजे हे म्हणणे किती अपुरे आहे ते कळून येईल. बंगळूरच्या एका वर्गात कन्नड, तेलुगू, तमिळ, उर्दू, मराठी, हिंदी अशा नाना घरांतील मुले शेजारी शेजारी बसलेली असतात. वाचनासाठी आलेल्या मातेचे स्वतःचे मूल बहुधा चांगले वाचणारे असते. ते दुसऱ्या कोपऱ्यात असते. तिच्यापुढे बसलेले असते ते अक्षर अडखळणारे दुसऱ्याचे मूल, ज्याच्या घरी शाळेची भाषा कोणास येत नाही. ती त्याच्या बोटावर आपले बोट ठेवून ओळ पुढे सरकविते. हे मूल तिला काय परत देणार? वर्षभरानंतर त्याला तिचे नाव आठवेल की नाही याचीही शाश्वती नाही. आता वरची लक्षणे लावून पाहावीत. स्थळ शाळा, वेळ शिकण्याचे वय, पात्र ज्ञानाची भूक लागलेले बालक, आणि ते बालक संपूर्णपणे अनुपकारी. सात्त्विक दानाचे याहून शुद्ध उदाहरण नगरजीवनात सहसा सापडत नाही. येथे दिली जाणारी वस्तू म्हणजे एका गृहिणीचा सकाळचा तास आहे. आणि गृहिणीच्या सकाळच्या तासाचे मोल काय असते हे ज्या घरात डबे भरले जातात त्या घरात सांगावयास नको.

काही पालक निराळ्या हेतूने येतात, हेही नाकारण्यात अर्थ नाही. शिक्षिकेच्या डोळ्यांपुढे राहावे, आपल्या मुलाला नाटकात बरी भूमिका मिळावी, गुणपत्रिकेत हात जरा सैल सुटावा, अशी आशा मनात धरून येणारे असतातच. ज्ञानदेवांची चारा खाणारी गाय ती हीच. परंतु कोण कोणत्या हेतूने आला हे तोलीत बसणे हा शिक्षिकेचा अधिकार नव्हे. तिने एवढेच करावे की, गाईने दूध देऊ नये. म्हणजे सेवा घ्यावी, आदर द्यावा, आणि गुण मात्र पेपरात असतील तेवढेच द्यावेत. मग राजस हेतूने आलेला पालक एक तर येईनासा होतो किंवा हळूहळू खरोखरच सेवक बनतो. दुसरे घडल्याची उदाहरणे पहिल्यापेक्षा कमी नसावीत, असे आम्हांस वाटते.

तर दान पालकांचे, ग्रहण मुलांचे. शिक्षिका या व्यवहारात दातीही नाही आणि ग्राहकही नाही. ती मुलांच्या वतीने बोलणारी आहे. आता तिने काय करावे हे पाहण्यासाठी सतरावा अध्याय सोडून तिसऱ्याकडे जावे लागते. प्रजापतीने यज्ञासह प्रजा निर्माण केली, देव आणि मनुष्य यांनी एकमेकांचे पोषण करावे असे सांगितले. आणि जो दिलेले भोगतो पण काहीच परत करीत नाही त्याला तेथे स्पष्ट शब्दांत चोर म्हटले आहे. गीतेतील अत्यंत कठोर शब्दांपैकी हा एक होय. घेऊन गप्प बसणे हा केवळ शिष्टाचाराचा भंग नव्हे, ती चोरी आहे. महाभारताच्या शांतिपर्वात भीष्मांनी कृतघ्न गौतमाची कथा सांगितली ती याच भूमिकेवरून. ज्या बकराजाने आश्रय दिला, धन मिळवून दिले, त्यालाच मारून नेणाऱ्या त्या गौतमाला कोणतेही प्रायश्चित्त उरत नाही.

परंतु यज्ञातील परत करणे आणि बाजारातील परतफेड या दोन गोष्टी एक नव्हेत. अग्नीत तूप अर्पण केले म्हणून आकाशातून तूप पडत नाही, पाऊस पडतो. पावसाने अन्न होते, अन्नाने प्राणी जगतात, आणि चक्र पुढे चालते. बाजारात परत दिले की हिशेब मिटतो. यज्ञात परत दिले की हिशेब चालू राहतो. यज्ञ आटोपल्यावर जे उरते, ते शेष, सर्वांनी वाटून घ्यावयाचे असते. ते वाटताना कोणी कोणास मोबदला देत नाही. ज्याने समिधा आणल्या त्याला आणि ज्याने मंत्र म्हटले त्याला हातावर सारखाच प्रसाद मिळतो, आणि प्रसाद लहान असतो. पोटभर प्रसाद मिळाला तर त्यास जेवण म्हणतात.

येथे कोणी शंका घेईल की, उपकार फार मोठा आणि भेट फार लहान असेल, तर ती भेट उपकाराचा अपमान करीत नाही काय? तिसऱ्या सहशिक्षकाचे म्हणणे हेच होते. या शंकेचे सर्वांत सुंदर उत्तर रामायणात आहे. हनुमंत सीतेचा शोध लावून परतला तेव्हा वनवासी रामापाशी द्यावयास काहीच नव्हते. आपणांस याच्या योग्य असे काही देता येत नाही, याची त्याला खंत वाटली, आणि आपले सर्वस्व म्हणून त्याने हनुमंताला आलिंगन दिले. पुढे तो राजा झाला. आता देता येण्याजोगे पुष्कळ होते. उत्तरकांडात निरोपाच्या प्रसंगी राम हनुमंताला ज्या अर्थाचे बोलतो तो ध्यानात घेण्याजोगा आहे: तू केलेले उपकार माझ्या ठायीच जिरून जावोत, कारण उपकाराची फेड करण्याची वेळ येणे म्हणजे ज्याने उपकार केला त्याच्यावर संकट येणे होय, आणि तसे संकट तुझ्यावर कधी न येवो. एवढे बोलून राम थांबत नाही. तो आपल्या गळ्यातील हार काढून हनुमंताच्या गळ्यात घालतो.

या दोन क्रियांचा क्रम फार महत्त्वाचा आहे. ऋण फिटणार नाही, ते फेडण्याची इच्छाही मी करीत नाही, हे आधी सांगितले गेले. भेट त्यानंतर दिली गेली. म्हणजे तो हार ऋणाचा हप्ता नव्हता. ऋण आहे, ते तसेच राहणार आहे, आणि ते मला प्रिय आहे, याची ती खूण होती. हार मोलाचा होता हे खरे, पण रामाच्या राज्यात तो आणि वनातील आलिंगन यांचे वजन एकच. किंमतीचा प्रश्न या ठिकाणी गळून पडतो. किंबहुना सामान्य माणसाच्या हातून देताना तो प्रश्न उठूच नये म्हणून वस्तू स्वस्त असावी हेच बरे. वस्तू महाग झाली की घेणाऱ्याच्या मनात तोलणे सुरू होते: मी बारा तास दिले, मला तीनशे रुपयांची वस्तू मिळाली. मग तासाचा दर निघतो. वीस रुपयांच्या वस्तूवरून कोणालाही तासाचा दर काढता येत नाही, आणि काढला तर त्याचे त्यालाच हसू येते. स्वस्तपणा ही येथे दारिद्र्याची खूण नव्हे. ती भेटीची संरक्षक भिंत आहे.

बंगळूरच्या भूमीत अशा भेटीची परंपरा मुळातच आहे, तिच्यासाठी दूर जावे लागत नाही. संक्रांतीला तेथील घरोघरी तीळ, गुळाचे खडे, सुक्या खोबऱ्याचे काप, शेंगदाणे आणि डाळे यांचे मिश्रण वाटले जाते. त्यास एळ्ळु-बेल्ल म्हणतात, सोबत उसाचे कांडे आणि साखरेची चित्रे असतात. आपल्या तिळगुळाची ती सख्खी बहीण, आणि ते देताना गोड बोलण्याची जी विनंती केली जाते तीही तीच. घरी आलेल्या सुवासिनीला कुंकू, विड्याची पाने, सुपारी व नारळ दिल्यावाचून निरोप न देण्याची तेथील तांबुलाची रीत, आणि आपली हळदी-कुंकवाची व ओटीची रीत, यांत भाषेपलीकडे भेद नाही. कार्तिकातील शेवटच्या सोमवारी बसवनगुडीत मोठ्या नंदीच्या देवळाशेजारी भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. शेतकरी नव्या पिकाचा पहिला वाटा नंदीला वाहतात आणि मग शेंगा विकावयास बसतात. आधी अर्पण, नंतर विक्री; हा क्रम शेतकऱ्याला कोणी ग्रंथ वाचून शिकविलेला नाही.

यातील कोणतीही वस्तू शिक्षिकेस चालण्याजोगी आहे. एळ्ळु-बेल्लाची पुरचुंडी, तुळशीचे रोप, चन्नपट्टणच्या लाखकाम केलेल्या लाकडी खेळण्यांतील एखादा भोवरा. बंगळूरात शंभराहून अधिक वर्षे तयार होत आलेला चंदनाचा साबण पुष्कळांना सुचेल, आणि त्यात गैर काही नाही. मात्र आम्हांस स्वतःस साबणापेक्षा शेंगा बऱ्या वाटतात, कारण साबण घरी जाऊन मोरीत राहतो आणि शेंगा रस्त्यात चारचौघांत वाटल्या जातात. अर्थात हा आवडीनिवडीचा भाग झाला. असो.

मोठ्या दानाचे स्थान निराळे आहे, आणि तेही याच नगरात पाहावयास मिळते. शहाजीराजांच्या जहागिरीचे हे गाव. मल्लेश्वरम् येथील काडु मल्लेश्वराच्या देवालयाशी निगडित असा १६६९ चा शिलालेख आहे. त्यात शहाजीपुत्र व्यंकोजींनी देवास एक गाव दिल्याची नोंद आहे. राजाचे दान शिळेवर कोरावे लागते, कारण पुढच्या पिढ्यांनी ते मोडू नये अशी व्यवस्था करावयाची असते. शिक्षिकेच्या भेटीला शिळा नको. ती कोरून ठेविली तर बिघडेल.

आता घेणाऱ्याच्या बाजूचा विचार. दुसऱ्या सहशिक्षकाचा आक्षेप अद्याप शिल्लक आहे: निष्काम सेवकाने भेट घ्यावी काय? काही पालक ही भेट हात जोडून नाकारतात. आम्ही फळासाठी केले नाही, असे म्हणतात. हे नाकारणे नेहमीच निष्कामतेचे लक्षण असते असे नाही. गीतेने फळावर अधिकार नाही असे म्हटले आहे. न मागता आलेले परत लोटावे असे म्हटलेले नाही. उलट, सहज जे प्राप्त होईल त्यात संतुष्ट असणारा पुरुष कर्म करूनही बांधला जात नाही, असे चौथ्या अध्यायाचे सांगणे आहे. पंचवीस रुपयांची वस्तू नाकारणाऱ्याच्या मनात कधी कधी एक सूक्ष्म धनको बसलेला असतो. त्याला आपले येणे संपूर्ण शाबूत ठेवावयाचे असते. आपण दिले, आपण काहीच घेतले नाही, ही उंच जागा सोडवत नाही. लहानशी भेट आनंदाने घेणे म्हणजे त्या उंच जागेवरून खाली उतरणे होय, आणि पुष्कळांना दहा सहली सांभाळण्यापेक्षा हे अधिक कठीण जाते.

ज्यांना मोठी भेट येते त्यांनी काय करावे याचा धडाही बंगळूरात मिळतो. कन्नड साहित्यिक डी. व्ही. गुंडप्पा यांचे आयुष्य याच नगरात गेले. त्यांच्या गीतेवरील ग्रंथास १९६७ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्या ग्रंथाचे दुसरे नावच ‘जीवनधर्मयोग’ असे आहे. १९४५ साली त्यांनी स्थापिलेल्या संस्थेस त्यांनी नाव दिले ते एका मराठी शिक्षकाचे, गोपाळ कृष्ण गोखले यांचे. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ७५ रुपयांच्या आसपासच्या मासिक वेतनावर गोखल्यांनी आपल्या आयुष्याची उमेदीची वर्षे दिली आणि १९०२ साली ते निवृत्त झाले. सार्वजनिक जीवन शुद्ध असावे हा त्यांचा ध्यास गुंडप्पांनी दूर कर्नाटकात उचलला. १९७० साली बंगळूरात गुंडप्पांचा सत्कार होऊन त्यांना मोठी थैली अर्पण करण्यात आली, तेव्हा त्यांनी ती नाकारली नाही. घेतली, आणि सर्व रक्कम त्या गोखले संस्थेस देऊन टाकली. हार गळ्यात पडला आणि पुढे सरकला. यज्ञचक्र म्हणतात ते हेच.

येथवर भेटीचे समर्थन झाले. परंतु एक गोष्ट अशी आहे की जिच्याकडे दुर्लक्ष झाले तर हे सगळे समर्थन व्यर्थ होईल. कर्नाटकात सत्काराची मोठी हौस आहे. म्हैसुरी पेटा, शाल, चंदनाचा हार, फळांची टोपली. महाराष्ट्रातही शाल-श्रीफळाला तोटा नाही. त्या हौसेचा वारा शाळेत शिरला की शिक्षिकेची साधी भेट व्यासपीठावर चढते. नावे पुकारली जातात, पालक एकेक करून वर येतात, टाळ्या पडतात, छायाचित्रे निघतात. खाली मुले बसलेली असतात. ज्याच्या आईचे नाव पुकारले गेले ते मूल फुलून जाते. आणि ज्याच्या आईचे नाव आले नाही ते?

ती आई का आली नाही, याचा विचार करावा. पीण्याच्या किंवा म्हैसूर रस्त्याच्या तयार कपड्यांच्या कारखान्यात ती यंत्रावर बसलेली असते. सकाळी ठरल्या वेळी फाटकाच्या आत असावे लागते. अर्ध्या दिवसाची रजा म्हणजे अर्ध्या दिवसाचे वेतन. तिला वाचनाच्या तासाला यावयाचे नव्हते असे नाही. कदाचित तिला वाचता येत नसेल, आणि म्हणूनच मुलाने वाचावे अशी तळमळ इतरांहून अधिक असेल. तिने जे दिले ते शाळेच्या वहीत कोठेही नोंदले जात नाही. व्यासपीठावरील सत्काराने तिच्या मुलाला एकच धडा मिळतो, तो असा की, चांगल्या आया येतात आणि माझी येत नाही. सतराव्या अध्यायात तामस दानाच्या लक्षणांत अवज्ञा हा शब्द आला आहे. देणाऱ्याच्या मनात अवज्ञा नसतानाही देण्याच्या रीतीतून ती तिसऱ्याच कोणाच्या वाट्यास जाऊ शकते. आणि तो तिसरा आठ वर्षांचा असेल तर तिचा डाग लवकर जात नाही. आमच्या मते अशा सत्कारापेक्षा कोणास काहीच न देणे बरे.

म्हणून शिक्षिकेने आपली भेट हातात द्यावी, निरोपाच्या वेळी, जेथे दोघांवाचून तिसरा पाहत नाही तेथे. आणि एळ्ळु-बेल्लाच्या पुरचुंड्या करावयाच्याच असतील तर दहाबारा कशाला, वर्गात जितकी मुले तितक्या कराव्यात. तीळगुळाला आमंत्रितांची यादी नसते. आलेल्या पालकांना आणि न आलेल्या पालकांना प्रसाद एकच मिळेल. आलेल्यांना त्याबरोबर एक चिठ्ठी अधिक मिळेल, इतकेच.

ती चिठ्ठी मात्र खरी असावी. ऋणको मुले आहेत हे वर आलेच आहे, तेव्हा ती त्यांच्या हातची असावी हे ओघानेच आले. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असताना साने गुरुजी वसतिगृहातील मुलांसाठी रोज हस्तलिखित दैनिक काढीत असत, हे महाराष्ट्रास ठाऊक आहे. त्या कागदांना व शाईला खर्च तो किती आला असेल? पण ज्या मुलांनी ते वाचले, त्यांच्यासाठी कोणीतरी रोज बसून स्वतःच्या हाताने लिहीत होते. हाताने लिहिलेल्या चार ओळींना असे सामर्थ्य असते. मात्र फळ्यावर शिक्षिकेने मजकूर लिहावा आणि चाळीस मुलांनी तो उतरून काढावा, असे झाले की चिठ्ठ्या चाळीस होतात आणि कृतज्ञता एकही नसते. मुलाला विचारावे: कोण आले होते, त्यांनी काय केले, तुला काय आठवते? एखादे मूल लिहील की, काकूंनी सांगितलेल्या गोष्टीतला उंदीर मला आवडला. एखादे लिहील की, लालबागेत माझी चप्पल तुटली तेव्हा काकांनी दोरी बांधून दिली. त्यात आभार हा शब्दही नसेल. शुद्धलेखनाच्या चुका असतील, त्या शिक्षिकेने सुधारू नयेत.

आणि ज्या मुलाची आई कारखान्यातून येऊ शकली नाही, त्यालाही लिहावयास सांगावे, तितक्याच मोकळेपणाने. ते बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी आईला लिहील. तिने त्याच्या बोटावर बोट ठेवलेले त्याला आठवत असेल. पण कागद संपण्यापूर्वी त्याने मान वर करून विचारले की, घरच्या आईला लिहिले तर चालेल काय, तर त्याला दुसरा कागद द्यावा.